नवा क्लच टाकूनही पहिल्या गिअरमध्ये थरथरणारी गाडी

गाडी 2014 सालची हॅचबॅक. 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर मॅन्युअल, पुढच्या चाकांना ड्राइव्ह आणि क्लच केबलचा. मीटरवर 68 हजारांच्या आसपास. मालकीण साखरप्याजवळच्या एका गावात शिक्षिका, त्यामुळे आंबा घाट चढून कोल्हापूरला येणं-जाणं नेहमीचं. तक्रार साधी होती. थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये काढताना, क्लच सोडता सोडता, सगळी गाडी थरथरते. डॅशबोर्डवरच्या वस्तू वाजतात, सीट हलते. एकदा वेग घेतला की काही नाही.

सोबत जुना इतिहास होता. आठेक महिन्यांपूर्वी घाटात क्लच स्लिप व्हायला लागला, म्हणजे धरायच्या ऐवजी घसरायला लागला, म्हणून दुसरीकडे पूर्ण क्लच सेट बदललेला होता: प्लेट, ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तिला मोकळं करणारं रिलीज बेअरिंग. थरथर सुरू झाली ती त्यानंतर. तिथे पुन्हा नेल्यावर आधी उत्तर मिळालं, "नवीन प्लेट आहे, बसायला वेळ लागतो." पुढच्या वेळी सांगितलं, "मॅडम, तुमचा पाय क्लचवर नीट बसत नाही." आणखी एका ठिकाणी पुन्हा पूर्ण क्लच सेट टाकायला सांगितलं. माझ्या कार्यशाळेत आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता: "दादा, खरंच पुन्हा क्लच लागणार का?"

प्रश्न अगदी रास्त होता. गाडी काढताना येणाऱ्या थरथरीचं खापर बहुतेक वेळा क्लच प्लेटवर फुटतं, कारण पाय क्लचवर असतानाच ती जाणवते. पण इंजिनपासून चाकापर्यंत जी साखळी आहे तिची कुठलीही कडी ढिली झाली तरी ती क्लच सोडतानाच बोलते, कारण ताण पहिल्यांदा येतो तो त्याच क्षणी. गिअरबॉक्स उतरवण्याआधी ही साखळी बाहेरून तपासता येते, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

चालवणाऱ्याच्या पायाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. माझ्या पायाखालीही गाडी तशीच थरथरली. एवढी एक चाचणी केल्याशिवाय कुणालाही, विशेषतः बाईमाणसाला, "तुम्हाला क्लच सोडता येत नाही" असं सांगायचा अधिकार मेकॅनिकला नाही. त्या पंधरा वर्षं घाटात गाडी चालवत होत्या.

आधी प्रश्न, मग पाना

त्यांना मी बसवून विचारलं. कोणत्या गिअरमध्ये जास्त? सकाळी थंड गाडीला की गरम झाल्यावर? सपाटीवर की चढावर? पावसाळ्यात वेगळं वाटतं का? शिक्षकी पेशाचा मला इथे फायदा झाला, उत्तरं नेमकी मिळाली. रिव्हर्समध्ये सगळ्यात जास्त. घरासमोरचं अंगण रस्त्यापेक्षा खाली आहे, रोज सकाळी गाडी मागे चढवत रस्त्यावर काढावी लागते, तेव्हा दारं-खिडक्यांच्या काचासुद्धा वाजतात. घाट चढून कोल्हापुरात शिरलं की सिग्नलला पुन्हा जास्त. पाऊस असो नसो, फरक नाही. आणि एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: "नवीन क्लच टाकल्या दिवसापासून घाट चढून आल्यावर थोडं जाणवायचंच. पण ते थोडंच होतं. हे असं हादरणं दोन-तीन महिन्यांनंतर सुरू झालं."

हे शेवटचं वाक्य मी कार्डावर जसंच्या तसं लिहून घेतलं. एकाच तक्रारीच्या दोन तारखा असतील तर कारणंही दोन असण्याची शक्यता असते.

बाकीच्या उत्तरांनी काय काय बाद झालं ते पाहू. फक्त सकाळी, पहिल्या दोन-चार वेळा थरथरून नंतर गाडी सुधारली असती, तर कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हमखास दिसणारं कारण धरता आलं असतं. दमट हवेत रात्रभर उभ्या गाडीच्या फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाचं जड लोखंडी चाक, क्लच प्लेट दाबली जाते ती त्याच्यावरच) गंजाचा पातळ थर येतो, तो घासून जाईपर्यंत क्लच अडखळत धरतो. त्यावर उपाय करायचं कारणच नसतं. इथे पावसाचा संबंध नव्हता. फक्त गरम झाल्यावर होत असतं तर प्लेटवर तेल किंवा जळून गुळगुळीत झालेली प्लेट हा पहिला संशय. इथे थंडपणीही होतं, गरमपणीही होतं.

रस्त्यावर

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन रेस केलं. आवाज एकसारखा, कुठे अडखळ नाही. स्कॅनर लावला. मिसफायरचा, म्हणजे एखादा सिलिंडर नीट जळत नसल्याचा, कोड नाही, पेट्रोलचं प्रमाण दाखवणारे आकडे जागेवर, आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या, 800 च्या आसपास स्थिर. एसी लावल्यावर आयडल व्यवस्थित वर येत होतं. इंजिनच नीट जळत नसेल तरी गाडी काढताना हादरे बसतात, आणि क्लच बदलून झाल्यावर शेवटी एक प्लग किंवा कॉइल खराब निघालेल्या गाड्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकने पाहिलेल्या असतात. म्हणून हे आधी.

मग सपाट रस्त्यावर. पहिला गिअर, क्लच हळू सोडला. पेडल अर्ध्यावर आलं, क्लच धरायला लागला, तिथून थरथर सुरू. पाय पूर्ण उचलला की त्याच क्षणी बंद. या एका निरीक्षणाला मी सगळ्यात जास्त मोल देतो. पाय पूर्ण वर आल्यावरही हादरे चालू राहिले तर क्लच सोडून बाकीचं बघायचं. दुसऱ्या गिअरमध्ये 20 च्या वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन 40-45 पर्यंत नेली. शांत. आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा, झिजलेला असता तर नेमकी इथे, ताणाखाली, गाडी डावी-उजवीकडे थरथरली असती. उतारावर न्यूट्रलमध्ये हळूच सुटू दिली आणि गाडी चालती असताना पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तेव्हाही काही नाही. म्हणजे क्लच घसरत असतानाचा आणि इंजिनवर ओढ येत असतानाचा तो एक-दीड सेकंद, तेवढ्यातच दोष होता.

मग मोबाइलमधलं कंपन मोजणारं अ‍ॅप उघडून फोन सीटच्या रुळाशेजारी फरशीवर टेपने चिकटवला. हल्ली हे साधन प्रत्येकाच्या खिशात असतं, वापरत फार कमी जण. आलेखात सेकंदाला साधारण 11 उसळ्या दिसत होत्या. इंजिन 900 फेऱ्यांवर ठेवून गाडी काढली तरी 11, 1300 वर ठेवून काढली तरी 11 च्या आसपास.

या आकड्याचा अर्थ लावला की बराचसा अंधार दूर होतो. 900 फेऱ्या प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला 15. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा जळतो, म्हणजे एक सिलिंडर मेलेला असेल तर सेकंदाला साडेसात हादरे बसतील, आणि 1300 फेऱ्यांवर ते जवळजवळ 11 होतील. फेऱ्यांबरोबर आकडा बदलला असता तर इंजिनाकडे बोट गेलं असतं. प्लेट वाकडी असेल किंवा प्रेशर प्लेटची बोटं (तिच्या स्प्रिंगची मधली टोकं) वर-खाली असतील, तर इंजिन आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांच्या फेऱ्यांतला फरक जेवढा, तेवढे हादरे बसतात. 1200 वर क्लच धरायला लागला तर सुरुवातीला सेकंदाला 20, आणि पकड येत जाईल तसे कमी होत शून्यावर. तेही इथे दिसत नव्हतं. फेऱ्या काही असोत, आकडा एकच, याचा अर्थ गाडीची आपली स्वतःची जी लय आहे ती छेडली जात होती. क्लच घसरत असताना शाफ्ट, टायर आणि गाडीचं वजन मिळून एक स्प्रिंग बनते, आणि छोट्या गाड्यांत तिची लय साधारण सेकंदाला 8 ते 15 च्या दरम्यान येते.

ती लय छेडतं कोण? एक कारण घर्षणाचं. चांगल्या प्लेटची पकड घसरण्याचा वेग कमी-जास्त झाला तरी जवळजवळ तेवढीच राहते. प्लेटवर तेल आलं, ती जळून गुळगुळीत झाली, किंवा समोरचं फ्लायव्हीलचं लोखंड बिघडलं की घसरण मंदावताना पकड अचानक वाढते. पकड वाढली की शाफ्ट पिळतो, पिळलेला शाफ्ट उलटा सुटतो, घसरण वाढते, पकड कमी होते, आणि पुन्हा तेच. फळ्यावर खडू एका ठरावीक कोनात धरला की किंचाळतो ना, तोच प्रकार इथे सेकंदाला 11 वेळा. दुसरं कारण फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसलंय त्यांचं. ते बाहेरून बघता येतं. म्हणून बॉनेट आधी उघडलं.

व्हाइटनरचे दोन ठिपके

मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गाडीच्या पुढे-मागे कुणीही नाही. गाडीत मॅडम स्वतःच बसल्या, कारण त्यांचा पाय किती स्थिर आहे हे मलाही बघायचं होतं. रिव्हर्स टाकून क्लच फक्त धरायला लागेपर्यंत सोडायचा आणि पाय तिथेच थांबवायचा, दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. अशा चाचणीत प्लेट फार लवकर तापते.

इंजिन बोटभर जाडीने मागे-पुढे डुलत होतं. चांगल्या फाउंडेशनवर ते ओढ आली की एकदा कलतं आणि तिथे टिकून राहतं. इथे ते झुलत होतं, आणि पहिल्या गिअरपेक्षा रिव्हर्समध्ये जास्त.

मग मी गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरवर, केबल जिथे अडकते त्या टोकाला, व्हाइटनरचा एक ठिपका दिला आणि शेजारी गिअरबॉक्सच्या अंगावर दुसरा. फोन स्लो मोशनवर लावला. पुन्हा तेच: रिव्हर्स, पाय धरला तिथे थांबवलेला. नंतर व्हिडिओ सावकाश बघितला तर इंजिनाच्या प्रत्येक झोक्याबरोबर लिव्हरवरचा ठिपका शेजारच्या ठिपक्यापासून दोनेक मिलिमीटर लांब जायचा आणि परत यायचा. पेडल हललंच नव्हतं. पेडलचाही व्हिडिओ सोबत घेतला होता, पाय दगडासारखा स्थिर. त्यांना दोन्ही दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या, "म्हणजे क्लच माझ्याऐवजी गाडीच सोडत होती."

झालं होतं ते तसंच. केबलचं बाहेरचं आवरण एका टोकाला गाडीच्या बॉडीत, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटमध्ये बसलेलं असतं. दोन्ही टोकं धरलेली असल्यामुळे इंजिन थोडं हललं तरी आतल्या तारेची ओढ बदलू नये, अशी ती रचना. पण इंजिन बोटभर हलायला लागलं की केबलचा बाक बदलतो, आवरण आणि तार यांच्यातली ढिल घेतली-सोडली जाते आणि लिव्हर थोडासा ओढला जातो. क्लच धरायला लागल्यापासून पूर्ण धरेपर्यंतचा लिव्हरचा प्रवासच मुळात थोड्या मिलिमीटरचा. तिथे दोन मिलिमीटर म्हणजे पाय चांगलाच वर-खाली केल्यासारखं. इंजिन डुललं की क्लच सुटतो-धरतो, क्लच धरला की इंजिनाला पुन्हा झोका. दोष स्वतःलाच पोसत होता. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या गाड्यांत हे चक्र एवढं जोर धरत नाही, कारण तिथे मधे लवचीक नळी आणि तेल असतं. केबलच्या गाडीत मात्र फाउंडेशन न बघता क्लचवर निकाल देणं मला मुळीच पटत नाही.

खाली काय होतं

गाडी लिफ्टवर घेतली. अशा गाड्यांत इंजिन-गिअरबॉक्सचं वजन वरच्या दोन फाउंडेशनवर टांगलेलं असतं, एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या. तिसरं, खाली मागच्या बाजूला, वजन घेत नाही. ते फक्त इंजिनाला डुलू देत नाही. त्याला आपल्याकडे टॉर्क रॉड म्हणतात, दोन्ही टोकांना रबरी बुश असलेली जेमतेम वीतभर लांबीची दांडी.

वरची दोन्ही चांगली होती. टॉर्क रॉड मात्र तेलाने ओला, वर धुळीचा लगदा. पुसून बघितलं तर मोठ्या बुशचं रबर फुगून कडीबाहेर आलं होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबलं की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. पहार घालून इंजिन ढकललं तेव्हा रबराची चीर उघडली, जवळजवळ अर्धं वर्तुळ फाटलेलं. आणि चीर होती ती रिव्हर्समध्ये ज्या बाजूवर ताण येतो त्या बाजूला. रिव्हर्सचा गिअर रेशो पहिल्याच्या जवळपास असतो, पण इंजिनाला बसणारा उलटा झोका विरुद्ध दिशेने येतो. पहिल्या गिअरमध्ये शाबूत अर्धं रबर काम करत होतं, रिव्हर्समध्ये फाटकं. अंगणातून गाडी काढताना काचा का वाजत होत्या, ते इथे कळलं.

तेल बोटावर घेऊन हुंगलं. गिअर ऑइलला गंधकाचा जो उग्र वास असतो तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. इंजिन ऑइलला तो नसतो. वर माग काढला तर उजव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) धार. शाफ्ट बाहेर काढला, सीलची कड एका जागी कापलेली. गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही शाफ्ट काढावेच लागतात, आणि परत बसवताना शाफ्ट वाकडा आत गेला तर त्याच्या खाचांनी सीलची कड चिरते. हातातून हे कुणाच्याही होऊ शकतं. म्हणून तर गिअरबॉक्स उतरवला की दोन्ही सील नवी टाकायची असतात. त्यांची किंमत त्या कामाच्या मजुरीपुढे काहीच नाही. जुनी सील ठेवून केलेली बचत या गाडीत किती महाग पडली बघा: सील चिरलं, तेल थेंब थेंब टॉर्क रॉडवर पडत राहिलं, तेलाने रबर फुगलं, मऊ पडलं, फाटलं. याला दोन-तीन महिने लागले. मॅडमनी सांगितलेली दुसरी तारीख जुळली.

गिअर ऑइल काढून मोजलं, भरायला हवं त्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या आसपास कमी. आणखी वर्षभर हे असंच चाललं असतं तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर बेतलं असतं. नवं सील शाफ्टला ग्रीस लावून, शाफ्ट सरळ धरून बसवलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑइल भरलं. टॉर्क रॉड नवा. त्याचे बोल्ट आधी नुसते हाताने लावले, गाडी जमिनीवर घेतली, इंजिन हाताने दोन-चारदा हलवून आपल्या जागी बसू दिलं आणि मगच आवळले. लिफ्टवर लटकत्या अवस्थेत आवळले तर बुश पिळलेल्या स्थितीत अडकतं, आयडलला स्टिअरिंग कापतं, आणि नवीन रबर लवकर फाटतं.

पुन्हा रस्त्यावर. आलेखातल्या उसळ्या आधीच्या एक तृतीयांशावर आल्या. थंड गाडी सपाटीला अगदी गुळगुळीत निघत होती. पण चढावर पाच-सात वेळा थांबवून काढली, क्लच तापला, आणि रिव्हर्समध्ये तीच 11 ची लय बारीकशी परत दिसली.

उरलेली थरथर

इथे थांबता आलं असतं. खर्च टॉर्क रॉड, सील आणि ऑइलपुरता झाला होता, आणि गाडी वापरायला चांगली झाली होती. मी मॅडमना आलेख दाखवून सरळ सांगितलं: उरलेला दोष क्लचच्या आत आहे, बहुधा सुरुवातीपासूनचा, गाडी अशीच वापरली तर लगेच काही होणार नाही, उघडायची तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी लागेल, पण क्लच सेट घ्यावाच लागेल असं नाही. नव्या क्लचपासून घाट चढून आल्यावर थोडं जाणवायचंच, ही त्यांनी सांगितलेली पहिली तारीख अजून उत्तराशिवाय होती. त्यांनी उघडायला सांगितलं.

गिअरबॉक्स खाली आला. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ती फुप्फुसात जाण्यासारखी वस्तू नव्हे. प्लेटवर तेलाचा मागमूस नाही. जाडी भरपूर, रिव्हेटच्या डोक्यावर एक मिलिमीटरहून जास्त माल शिल्लक. मधल्या स्प्रिंगा घट्ट, शाफ्टच्या खाचांवर प्लेट मोकळी सरकणारी, प्रेशर प्लेटची बोटं एका पातळीत. आठ महिन्यांच्या क्लचला दिसावं तसंच सगळं, फक्त प्लेटच्या पृष्ठभागावर चकाकी आलेली.

उत्तर फ्लायव्हीलवर होतं. राखाडी लोखंडावर गोलाकार ओळीने निळसर-काळे डाग, आणि डागांच्या आत केसासारख्या बारीक रेषा. डायल गेज, म्हणजे पृष्ठभागाचा बारीक चढउतार मोजणारं साधन, लावून फ्लायव्हील फिरवलं, फरक 0.04 मिलिमीटर. फ्लायव्हील वाकडं आहे असं म्हणायला साधारण 0.1 च्या वर जावं लागतं. म्हणजे गेजच्या हिशोबाने फ्लायव्हील उत्तम. पण मोकळ्या राखाडी भागावर कानस ओढली की ती चावायची, भुकटी निघायची. डागावर आली की घसरायची, काचेवरून जावी तशी, आवाजसुद्धा बदलायचा.

जुना क्लच घाटात स्लिप होत होता तेव्हाची ही खूण. मॅडमना विचारल्यावर आठवलं, त्या पावसाळ्यात दरड आली होती, एका बाजूने वाहतूक सोडत होते, आणि चढावर रांगेत त्या गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, धरून पुढे सरकत होत्या. तसं केल्याने फ्लायव्हीलचा पृष्ठभाग ठिकठिकाणी 700 अंशांच्या वर तापतो, आणि मागचं जाड थंड लोखंड ती उष्णता झटकन ओढून घेतं. पोलादाला पाणी द्यावं तसा तेवढ्यापुरता परिणाम होतो, तिथलं लोखंड कडक होतं, किंचित वरही येतं. नवी प्लेट अशा फ्लायव्हीलवर बसवली की कडक डागावर पकड एक, मऊ लोखंडावर दुसरी. गरम झाल्यावर हा फरक आणखी वाढतो. जुना क्लच बदलताना फ्लायव्हील फक्त पुसून परत लावलेलं होतं.

यावर सगळीकडे पटकन सुचणारा उपाय म्हणजे फ्लायव्हील लेथवर मारून घेणं. तो इथे पुरत नाही. लेथचं टूल मऊ लोखंड सरळ कापत जातं आणि कडक डागावर आलं की किंचित उचलतं. वरून फ्लायव्हील चकचकीत दिसतं, पण डाग उंचवट्यासारखे राहतात, आणि थरथर आधीपेक्षा वाढू शकते. याला ग्राइंडिंगच लागतं. कोल्हापुरात हे काम करून मिळणं अवघड नाही, शिवाजी उद्यमनगरात ग्राइंडिंगची मशिनं आहेत. 0.3 मिलिमीटर माल काढला. डागांची फिकट सावली उरली होती, पण कानस सगळीकडे सारखी चावत होती आणि बारीक रेषा गेल्या होत्या. रेषा खोल गेलेल्या असत्या तर हे फ्लायव्हील भंगारात टाकून नवं घ्यायला लावलं असतं, त्यात तडजोड नाही.

प्लेटला सपाट काचेवर एमरी पेपर ठेवून हलकं घासलं, चकाकी उतरेपर्यंत. प्रेशर प्लेटचा पृष्ठभागही तसाच साफ केला. हात तिथवर पोचलाच होता म्हणून क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं, मागचं सील आणि दुसऱ्या शाफ्टचं सील नवं टाकलं. खाचांवर ग्रीसचा अगदी पातळ हात. जास्त लावलं की ते उडून प्लेटवरच जातं. क्लच सेट तोच ठेवला.

गाडी वेगळी असती तर

हे सगळं केबलच्या, साध्या फ्लायव्हीलच्या गाडीचं. बऱ्याच डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचं असतं, मधे स्प्रिंगा. ते ग्राइंड करत नाहीत, त्याची मोकळी हालचाल आणि डुलणं मोजून निर्णय घ्यायचा, आणि खर्च कित्येक पट. हायड्रॉलिक क्लचमध्ये स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा भाग) गिअरबॉक्सच्या आतच असेल तर त्याची गळती थेट प्लेटवर येते. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी विनाकारण उतरत असेल तर आधी तिकडे बघा. एएमटी गाड्यांत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स असूनही क्लचचं पेडल नसलेल्या गाड्यांत, प्लेट साधीच असते, पण ती कॉम्प्युटर सोडतो. क्लच बदलल्यावर स्कॅनरने त्याला नवी जागा शिकवली नाही तर चांगली प्लेटही थरथरते. आणि टॉर्क कन्व्हर्टरची (तेलातून ओढ पोचवणारी) ऑटोमॅटिक 50-60 च्या वेगाला थरथरत असेल तर तो वेगळाच विषय, तिथे कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं.

गाडी जोडून झाल्यावर कार्यशाळेजवळच्या चढावर रिव्हर्समध्ये, मुद्दाम क्लच तापवून, मॅडमनीच चालवून बघितली. फोन त्याच जागी चिकटवलेला होता. आलेखात 11 जवळ वेगळी अशी उसळी उरली नव्हती. पहिले काही शे किलोमीटर हाफ क्लच टाळायला सांगितलं. घाटात रांग लागली तर गाडी हँडब्रेकवर धरायची, क्लचवर नाही. महिन्याभराने त्या कोल्हापूरला आल्या तेव्हा लिफ्टवर घेऊन सील बघितलं, कोरडं होतं, ऑइलची पातळी जिथल्या तिथे. ग्राइंडिंग करून जाडी किती उरली ते बिलाच्या मागे लिहून दिलंय, आणि त्याखाली: पुढच्या वेळी क्लच बदलाल तेव्हा हे फ्लायव्हील पुन्हा ग्राइंड करू नये, नवीन टाकावं, दोन्ही शाफ्टची सील बदलून घ्यावीत.